काच शाबूत

मी जन्मभर खड्डे खणले. पगारपत्रकावर हुद्दा काहीही असो, काम तेच. लोक मोठी इमारत दिसली की मान वर करून बघतात, मी खाली बघतो. आणि खालीही खड्डा नंतर, आधी खड्ड्याच्या काठावर कोणाचं घर आहे ते. ही सवय मला चिंचवडच्या कामाने लावली, तीही चटका देऊन. त्या कामावर मला दोन माणसांनी फसवलं. दोघंही मला आवडत होते, म्हणून तो राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. चिंचवड स्टेशनच्या आसपास, रेल्वेचे रूळ आणि मुंबई रस्ता यांच्या मधल्या ज्वारीच्या शेतांतून कारखाने उभे राहू लागले होते. मी रत्नागिरीकडचा, ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन नुकता आलेला, गावठाणात एक खोली भाड्याने घेऊन राहणारा. ठेकेदाराकडे नोकरी लागली आणि त्याने मला एका नव्या कारखान्याच्या तळघरावर धाडलं. तळघरात पाण्याची टाकी आणि पंप बसायचे होते, खोली पंचवीस फूट. आज हा आकडा ऐकून कोणी हसेल. पण तेव्हा आमच्याकडे यंत्र म्हणजे पाणी उपसायचा एक इंजिनपंप, तोही मनात आलं तर चालणारा; बाकी कुदळ, पहार, घमेलं आणि माणसं.

खड्ड्याच्या पूर्वेच्या काठापासून अकरा फुटांवर एक घर होतं. मालकाने शेत कारखान्याला दिलं होतं, घर तेवढं ठेवलं होतं. पाया दगडमातीचा, जेमतेम गुडघाभर खोल, आणि वर पांढऱ्या मातीची दीड हात जाडीची भिंत. पायाखाली मुरूम असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पहिली चाचणी घेतली तर भरावाची माती निघाली. घरासाठी माती काढलेला जुना खड्डा केव्हातरी बुजवला असणार, आणि त्याच्याच कडेला हे घर उभं. ती माती भिजली की मुठीत दाबल्यावर बोटांमधून बाहेर यायची. मी घाबरलो आणि ते लपवलंही नाही.

आमचे साहेब घाबरले नाहीत. साहेब म्हणजे ठेकेदाराचे इंजिनिअर, पुण्याहून रोज येणारे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. माझ्या परीक्षेतल्या मार्कांवर ते हसायचे. "मार्क पाटीवर मिळाले, माती पायाखाली आहे," म्हणायचे. मातीचा वास घेऊन ती कुठवर भिजली आहे हे सांगायला त्यांनीच मला शिकवलं. त्या घरासाठीची योजना आम्ही दोघांनी शेडमध्ये एका टेबलावर बसून आखली. भिंतीलगतची माती एकदम काढायची नाही. लांबीचे सहा-सहा फुटांचे कप्पे पाडायचे. एक कप्पा खणायचा, त्यात घराच्या पायाखाली खालून नवा दगडी पाया घ्यायचा, फळ्या आणि वासे लावून बाजू रोखायची, मग दोन कप्पे सोडून पुढचा. शेजारचे दोन कप्पे एका वेळी कधीही उघडे ठेवायचे नाहीत. नकाशावर त्यांनी ते वाक्य मला लिहायला लावलं आणि खाली लाल रेघ मारली. मला तेव्हा वाटलं, गुरू भेटावा तर असा.

भिंतीवर लक्ष ठेवायला काचा लावायच्या, हेही त्यांनीच शिकवलं. घराच्या खड्ड्याकडच्या भिंतीत आधीपासून पाच बारीक चिरा होत्या, नख जाणार नाही इतक्या. प्रत्येक चिरेवर बोटभर रुंदीची काचेची पट्टी आडवी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायची. भिंत केसभर हलली तरी काच तडकते, कारण काचेला ताणणं माहीत नाही. खिडकीच्या तावदानांतून मी स्वतः त्या पट्ट्या कापल्या. रोज सकाळी सातला मी ओल्या फडक्याने त्या पुसायचो, उजेडात तिरक्या बघायचो आणि नोंदवहीत लिहायचो: काच एक ते पाच, शाबूत. खाली सही. काच फुटली तर त्या बाजूचं काम थांबवायचं आणि टेकू वाढवायचे, असा हुकूम होता. तो अधिकार मला होता. बाविसाव्या वर्षी एवढा अधिकार मिळाला की माणूस जरा छाती काढून चालतो, तसा मी चालत होतो.

घराचा मालक पंचेचाळीसच्या घरातला, काटक. मी त्याला दादा म्हणायचो. सकाळी मी काचा बघत असलो की तो मागे येऊन उभा राहायचा. "काय भाऊ, तुमच्या देवांची पूजा झाली?" असं विचारायचा. मीही म्हणायचो, "झाली, आता प्रसाद द्या." मग वहिनी आतून चहा आणायच्या, गुळाचा, तोंड भाजेल इतका गरम. मातीकामात दादाचा हात फार चांगला होता. घर त्याने बापाबरोबर बांधलं होतं, आणि भिंतीचा प्रत्येक थर कुठल्या सालचा ते तो सांगायचा. मी त्याला शब्द दिला होता की माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या भिंतीला धक्का लागणार नाही. तो म्हणाला होता, "तुमी हाय म्हनून तर आमी आत झोपतो." हे वाक्य मी आईला पत्रात कळवलं होतं.

त्याला एकच मुलगा, वीस वर्षांचा. शेत गेलं, आता त्याने कारखान्यात लागावं अशी दादाची इच्छा. ती काही त्याने लपवली नव्हती. थेरगावात त्याच्या भावाचा मुलगा दुसऱ्या एका कंपनीत लागला होता आणि सणाला बूट घालून यायचा, ते बूट दादाच्या डोळ्यांत बसले होते. भरती केव्हा, कोण करतं, कोणाला भेटायचं, हे तो मला दहा वेळा विचारायचा. मी खरं तेच सांगायचो, की मला काही माहीत नाही.

आषाढात काम मागे पडलं. पंप रुसला, माती जड झाली. एका सकाळी मी आलो तर घरालगतचे दोन कप्पे शेजारी-शेजारी उघडे. मी मुकादमाला विचारलं, तो म्हणाला साहेबांचा हुकूम. मी तडक शेडमध्ये गेलो.

"साहेब, आपणच लिहिलंय, दोन कप्पे नाही."

"काचा बघितल्यास?"

"बघितल्या. शाबूत आहेत."

"मग भिंत हललेली नाही. नकाशा अंदाजाने काढतात, काच खरं सांगते. तू कोणाचं ऐकणार?"

काचेवर माझा विश्वास होता, आणि तो विश्वास त्यांनीच मला दिला होता. पुढच्या तीन आठवड्यांत असे दोन-दोन कप्पे तीन वेळा उघडले. दर वेळी मी धावत भिंतीकडे जायचो, दर वेळी पाचही काचा शाबूत. मला वाटू लागलं की आपण उगाच भित्रे आहोत. नोंदवहीतलं माझं अक्षर त्या दिवसांत अधिकच ठळक झालं होतं.

नागपंचमीला काम बंद होतं. आमच्याकडे त्या दिवशी कोणी मातीला कुदळ लावत नाही. नांगर नाही, विळी नाही, चिरणं-कापणंही नाही. साहेब पुण्यात. मलाही सुट्टीच होती. पण खोलीत बसून करायचं काय, म्हणून दहाच्या सुमारास मी साइटवर चक्कर मारायला गेलो. आदल्या दिवशी दोन कप्पे उघडे राहिले होते, तेही मनात खुपत होतं. घरी कोणी नव्हतं, वहिनी वारुळाला गेल्या होत्या. सवयीने फडकं भिजवलं आणि तिसरी काच पुसायला घेतली. फडकं टोकावरून फिरलं तसं सिमेंट काळपट झालं आणि हाताला लागलं.

मी नख लावलं. नख आत गेलं.

ती काच मी महिन्यापूर्वी लावलेली. महिन्यापूर्वीच्या सिमेंटवर पहार मारली तरी ठिणगी उडावी. मी पट्टी ओढली, ती अलगद हातात आली. खालची चीर बघितली तर बारीकच होती, नेहमीसारखी. बोटाने चोळली आणि चीर पुसली गेली. चीर नव्हतीच ती. लिंपलेल्या ओल्या मातीवर खिळ्याने ओढलेली रेघ होती. माती खरवडून काढली तेव्हा खरी चीर दिसली, चांगली तीन सूत रुंद. माझ्या करंगळीचं टोक तीत शिरलं. इतर काचांच्या टोकांवर चुलीतली राख फासून सिमेंट जुनं केलेलं होतं. भिंतीची भीती आधी वाटली की अपमान आधी, हे मला आज सांगता येत नाही. इतकं सफाईदार मातीकाम त्या आवारात एकच माणूस करू शकत होता.

दादा गोठ्याकडून आला. माझ्या हातातली पट्टी त्याने बघितली आणि थांबला. खोटं बोलायचा प्रयत्नही त्याने केला नाही.

"व्हय, मीच लावली. सकाळच्याला फुटलीती."

"किती वेळा?"

"ही धरून चार बारी."

"अहो, तुमचं घर आहे हे. तुम्ही आत झोपता."

"सायेब म्हनले, सूतभर चिरीनं भित्ताड पडत न्हाई. म्हनले, ओवरशियर पोरगेला हाय, काच बघितली की काम थांबवंल. मंग कंपनी पावसुळाभर थांबंल आन भरती फुडं जाईल. पोराचं नाव पयल्या यादीत घालतो म्हनले."

"काच कुठून आणलीत?"

"सायबांनीच दिली. तुमच्याच तावदानाची."

मी रोज सकाळी त्याच्यासमोर वाकून ती खोटी काच पुसत होतो आणि तो मागे उभा राहून देवाच्या पूजेची थट्टा करत होता. वर चहा पाजत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण रडायला वेळ नव्हता, कारण दोन कप्पे उघडे होते आणि त्यांच्या तळाशी गुडघाभर पाणी होतं.

करण्यासारखी एकच गोष्ट होती. उघडे कप्पे मातीने परत भरून टाकायचे, ताबडतोब, म्हणजे भिंतीला खालून आधार मिळाला असता. मी मजुरांच्या झोपड्यांकडे धावलो. माणसं आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून बसली होती. मुकादमाला सगळं सांगितलं. तो भला माणूस होता, ऐकून त्याचा चेहरा उतरला. पण म्हणाला, "आज न्हाई भाऊ. आज फावडं मातीला लागायचं न्हाई."

"खणायचं नाही, भरायचं आहे."

"भरायला माती घ्याची तर ती कुटून तरी खनावीच लागती. माजा एक मानूस तिकडं खाली उतरला आन पान लागलं, तर मी त्याच्या बायकूला काय सांगू?"

पान लागणं म्हणजे साप चावणं. मी त्याला दोष देत नाही. तो आपल्या माणसांशी प्रामाणिक होता. त्या आवारात त्या दिवशी असा तो एकटाच. मी स्वतः फावडं उचललं. ढिगाऱ्यावरची माती घमेल्यात भरायची आणि काठावरून लोटायची, एवढंच. पंचवीस फुटांच्या खड्ड्यात माझं घमेलं म्हणजे समुद्रात ओंजळ. दादा भिंतीपाशी उभा राहून बघत होता. त्याच्या हातालाही त्या दिवशी फावडं चालणार नव्हतं. खोटी काच लावायला मात्र चाललं होतं, आणि हे मी त्याला तोंडावर म्हटलं. वहिनी परत आल्या, त्यांनी एकदा भिंतीकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं, पूजेचं ताट खाली ठेवलं आणि घरातली भांडी, दाणे, अंथरुणं बाहेर काढायला लागल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या हातांच्या घाईवरून मला कळलं.

दुपारी तीनच्या सुमारास भिंत गेली. फार आवाजही झाला नाही. आधी वरची कौलं सरकली, मग भिंत मधोमध वाकली आणि बसकण मारावी तशी खड्ड्यात उतरली. अर्धं घर उघडं पडलं. आतली चूल, कोनाड्यातला आरसा, दोरीवरचं धोतर, सगळं बाहेरून दिसायला लागलं. कोणाला इजा झाली नाही. वहिनी रडल्या नाहीत, त्या नवऱ्याकडे पाठ करून बसल्या.

साहेब दुसऱ्या दिवशी आले. मी त्यांना शेडमध्ये एकटं गाठलं आणि सगळं बोलून घेतलं. ओरडलो, असं आठवतं. ते टेबलाच्या कडेवर बसून शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "काच कोणी लावली ते मी बघितलं नाही, तूही बघितलं नाहीस. नोंद तुझ्या अक्षरात आहे, सही तुझी आहे." त्यांच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. मातीचा वास घ्यायला शिकवताना जसे बोलायचे, तसेच बोलले. त्या क्षणी ते माझ्या मनातून उतरले ते कायमचे, पण खरं सांगतो, त्यांनी "चुकलं" एवढं म्हटलं असतं तर मी त्यांना माफ करून टाकलं असतं. इतका मी त्यांचा होतो.

चार दिवसांनी कंपनीने चौकशीला एक वयस्कर अधिकारी पाठवला. पडलेल्या भिंतीसमोर खुर्च्या मांडल्या. दोष कामाचा निघाला तर ठेकेदाराने घर पूर्ववत बांधून द्यायचं, घर मुळातच कच्चं निघालं तर काही नाही, असं ठरलेलं होतं. अधिकाऱ्याने माझी नोंदवही पानापानाने वाचली. रोज शाबूत, रोज सही, पडायच्या आदल्या सकाळपर्यंत. तो म्हणाला, "नोंदी व्यवस्थित आहेत. म्हणजे खणण्याने भिंत हलली नव्हती." मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ओलं सिमेंट, राख, खिळ्याची रेघ, चार वेळा बदललेली काच. साहेब नखं बघत होते. अधिकाऱ्याने दादाला विचारलं, "हे खरं आहे का?"

मला खात्री होती की तो हो म्हणेल. त्याचंच घर होतं. एका शब्दात त्याला भिंत परत मिळणार होती आणि मला माझं नाव.

दादाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "न्हाई सायेब. काच कवाच फुटली न्हाई. भित्ताड जुनंच हुतं."

अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं ते दयेने. आपली चूक झाकायला गरिबावर आळ घेणारा पोरगा, असं त्याने मला मनात नोंदवून टाकलं असणार. वही मिटली, चहा आला. संध्याकाळी ठेकेदाराने मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

जाताना मी त्या घरावरून गेलो. दादा पडलेल्या भिंतीच्या पायातले दगड एका बाजूला रचत होता. मी थांबलो. मला शिवी द्यायची होती, पण तोंडून निघालं, "का?"

तो दगड हातात धरून म्हणाला, "भित्ताड मी पुन्यांदा उचलीन, भाऊ. हात हायेत मला. तुमी शिकल्याले, तुमाला कुटंबी काम मिळंल. माज्या पोराला कोन घेनार व्हतं?"

मी निघून आलो.

मला काम मिळालं. पुढे बरीच मिळाली. दोन-तीन वर्षांनी कामानिमित्त चिंचवडला उतरलो तेव्हा कारखान्याची पाळी सुटत होती. फाटकातून दादाचा मुलगा बाहेर आला, छातीवर कंपनीचा बिल्ला, पायात बूट. त्याने मला ओळखलं नाही. त्या दिवसापर्यंत मी मनाशी म्हणत होतो की साहेबांनी जसं मला फसवलं तसं दादालाही फसवलं असणार, पोराला काही घेतलं नसणार. खरं तर मी तसं इच्छित होतो. पण साहेबांनी त्याला दिलेला शब्द पाळला होता. दादाचा माणूस ओळखण्याचा अंदाज बरोबर निघाला आणि माझा दोन्हीकडे चुकला, हेच मला आजही सहन होत नाही.